पुढच्या चाकावरचं वजन

दातांच्या डॉक्टरला हाताला मुंग्या येऊन चालत नाही. रोग्याने आ वासलेला असतो, दिवा तोंडावर आलेला असतो, आणि आपल्या बोटांनी काय पकडलंय हे आपल्याच बोटांना कळत नसेल तर मग ते काम दुसऱ्याला दिलेलं बरं. त्या सकाळी तिच्या हातातून छोटा आरसा निसटला आणि एका म्हातारबुवांच्या जिभेवर पडला. म्हातारबुवांना काही कळलं नाही, त्यांना तो उपचारच वाटला. मदतनीस बाईंनी मात्र पाहिलं आणि नजर दुसरीकडे वळवली. दवाखान्यात कुणी आपल्याकडे बघायचं टाळतंय, याची डॉक्टरला जास्त लाज वाटली.

मुंग्या कशाने येतात ते तिला माहीत होतं. रोज सकाळी दवाखान्याआधी ती सायकल चालवायला जायची. रेसिंगची हलकी सायकल, वाकडं हँडल, बारीक टायर, आडवी नळी इतकी सडपातळ की बोटाने टिचकी मारली तर टण्ण वाजावी. बाजारातून निघायचं, कालव्याच्या कडेने तलावापर्यंत, मग धरणाच्या भिंतीवरून पलीकडे, आणि पलीकडच्या गावातून वळसा घालून घरी. सायकलवरून उतरेपर्यंत करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बधिर झालेलं असायचं. नवरा म्हणाला, सोड ती सायकल, घरात ठेवायचं यंत्र घेऊ. तिने ते ऐकून न ऐकल्यासारखं केलं आणि दिराकडे गेली.

दिराचं सायकलींचं दुकान होतं. आधी तो कारखान्यात इंजिनियर होता. तिथे साहेबाशी पटेना म्हणून सोडलं, आणि आता स्वतःच साहेब झाल्यामुळे स्वतःशीही पटत नाही, असं घरातले म्हणत. सायकलीच्या बाबतीत त्याची मतं पक्की होती. वहिनीने पुढच्या चाकाला सस्पेन्शन बसवून दे म्हटल्यावर त्याने हातातला पाना खाली ठेवला.

"वहिनी, रेसिंगच्या सायकलीला सस्पेन्शन म्हणजे नाकापेक्षा मोती जड. डोंगरातल्या सायकलीचं वेगळं. रस्त्यावर तुम्ही पायडल मारणार, आणि त्यातली थोडी ताकद ते बेणं डुलण्यातच खाणार."

मग त्याने तिला स्टुलावर बसवून सगळं समजावलं. रस्त्याचे बारीक हादरे खरं तर टायरमध्येच मुरतात. टायर थोडा रुंद घ्यायचा, हवा थोडी कमी भरायची, हँडलवर जाड पट्टी गुंडाळायची, की झालं. त्याने ते सगळं केलं, वर सीटची उंचीही बदलून दिली. दोन-तीन आठवडे गेले, पण बोटं तशीच बधिर होत राहिली.

एक गोष्ट तिने त्याला सांगितली, ती त्याला पटली नाही. बाजारातल्या खड्ड्यांवर आणि कालव्याच्या फुटक्या रस्त्यावर तिचे हात अगदी ठणठणीत असायचे. मुंग्या सुरू व्हायच्या त्या भिंतीवर. भिंतीवरचा रस्ता नुकताच केलेला होता, पाटासारखा सपाट. दीर हसला. म्हणाला, नस अशीच असते वहिनी, मार खाते एकीकडे आणि रडते दुसरीकडे. वाईट रस्त्यावरचा हादरा तुम्हाला चांगल्या रस्त्यावर जाणवतो. हे तिलाही पटण्यासारखं होतं. वैद्यकात अशी उदाहरणं तिने शिकली होती.

तरी ती हटून बसली, आणि शेवटी दिराने सायकलीचा, पुढचं चाक धरणारा चिमटा काढून त्या जागी सस्पेन्शनचा चिमटा बसवला. त्याचा खाली-वर होण्याचा खेळ अगदी थोडा होता, जेमतेम बोटभर. आत हवा दाबून भरलेली, आणि सोबत तेलाची एक बारीक नळी. हवा धक्का घेते, पण तसाच परत फेकते, आणि मग सायकल उड्या मारत राहते. तेल तो धक्का मुरवतं, जाऊ देतं. त्याने हँडल दाबून सोडलं. चिमटा खाली गेला आणि उसासा टाकावा तसा सावकाश वर आला.

चिमट्याच्या चकचकीत दांड्यावर एक रबरी कडी होती. चिमटा दबला की ती वर सरकते आणि तिथेच राहते. परत आल्यावर कडी कुठे आहे ते बघायचं, म्हणजे सगळ्यात मोठा धक्का केवढा होता ते कळतं. तुमच्या वजनाला आणि या रस्त्याला ती अर्ध्यावर यायला हवी, दीर म्हणाला.

पहिल्याच दिवशी ती पार वर जाऊन टेकली होती.

दिराने विचारलं, खड्ड्यात घातलीत का. तिने नाही म्हटलं. त्याने पंप लावून हवा वाढवली. दुसऱ्या दिवशी कडी पुन्हा वर. त्याने अजून हवा भरली, चिमटा आता ओंडक्यासारखा कडक झाला होता, आणि तरी कडी वरच. मग तो स्वतः त्याच सायकलवरून तोच फेरा मारून आला. तो चांगला जाडजूड गडी, वहिनीच्या दीडपट तरी असेल. कडी थोडीशी हलली होती, तेवढीच. त्याने सायकल उलटी केली, चिमटा खोलला, तेल बघितलं, पुन्हा जोडला. यंत्रात दोष सापडला नाही की त्याला झोप येत नसे.

डॉक्टरने मग एक केलं. बाजार ओलांडल्यावर थांबली आणि कडी खाली ढकलून ठेवली. कालवा संपल्यावर पुन्हा बघितलं, अर्ध्यावर. ती खाली केली आणि भिंतीवर चढली.

भिंतीच्या सुरुवातीला धरणाच्या झडपांचं घर आहे आणि त्याला लागून एक बसकी खोली. त्या खोलीवरून ती पुढे गेली आणि सायकलचं पुढचं टोक खाली गेलं. धक्का असा नव्हताच. बसमध्ये शेजारी कुणी येऊन बसलं की बाक जसं दबतं, तसं मऊपणे ते दबलं आणि दबलेलंच राहिलं. हँडल जड झालं. तिच्या तळव्यांवर भार आला, आणि थोड्या वेळाने करंगळीत ओळखीची मुंगी चालू लागली. एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला खोल दरी, मधून सपाट काळा रस्ता. वारासुद्धा नव्हता. भिंत संपली. पलीकडच्या गावाची शाळा तिथेच आहे. शाळेच्या फाटकासमोर चिमटा उसासा टाकून वर आला आणि हँडल हलकं झालं.

ती काही वेळ तिथेच पाय टेकून उभी राहिली. मुलं शाळेत शिरत होती. कुणी तिच्याकडे बघत नव्हतं.

घरी तिने काही सांगितलं नाही. सांगायचं तरी काय? नवऱ्याने यंत्राचा विषय पुन्हा काढला असता. पुढचे काही दिवस ती रोज गेली आणि रोज तसंच झालं. खोलीपाशी भार यायचा, शाळेपाशी जायचा. आपल्याला भीती वाटायला हवी, हे तिला कळत होतं. पण तो भार इतका ओळखीचा होता, की भीतीऐवजी तिला कसलं तरी अवघडल्यासारखं वाटायचं, लोकांच्या लग्नात चुकून जेवायला बसल्यासारखं. सस्पेन्शन नव्हतं तेव्हाही हा भार असणारच. तेव्हा तो थेट तळहातात उतरत होता, म्हणून तिने त्याला नसेचा आजार म्हटलं होतं.

मग एके दिवशी भिंतीच्या मध्यावर असताना दवाखान्यातून फोन आला. आदल्या दिवशी दात काढलेल्या एका रोग्याचं रक्त थांबत नव्हतं. जवळचा रस्ता मागेच होता. तिने थांबून सायकल वळवली. म्हणजे वळवायला गेली. पुढचं चाक वळेना. हँडलला दोन्ही हातांनी जोर लावला तेव्हा ते थोडं फिरलं आणि आपोआप पुन्हा सरळ झालं, तोंड शाळेकडे. ती एक पाय जमिनीवर टेकून उभी होती, दोन्ही हात ब्रेकवर, अंग अगदी स्थिर. आणि तिच्या डोळ्यांदेखत चिमटा खाली गेला. वर आला. खाली गेला, वर आला. घाई झालेलं मूल बसल्या जागी उसळ्या मारतं, तसा.

 तिला प्रार्थनाही सुचली नाही. सीटवर बसली आणि शाळेपर्यंत सायकल मारत गेली. तिथे भार उतरला. मग लांबच्या रस्त्याने ती दवाखान्यात पोचली तेव्हा मदतनीस बाईंनी कापसाचा बोळा दाबून रक्त थांबवलेलं होतं, आणि या वेळी त्या डॉक्टरकडे बघतच राहिल्या. म्हणाल्या, तुमचा चेहरा असा का झालाय?

त्या संध्याकाळी तिने दिराला सगळं सांगितलं. तो हसला नाही. यंत्रात दोष सापडत नसल्यामुळे तो आधीच अर्धा घाबरलेला होता. उद्या मी मागून येतो, एवढंच म्हणाला.

सकाळी तो तिच्या मागे काही अंतर ठेवून आला. शाळेपाशी पोचल्यावर त्याने सायकल कुंपणाला टेकवली आणि बराच वेळ तिचं कुलूपच शोधत बसला. त्याच्या कपाळावर घाम होता.

"चिमट्याचं सोडा," तो म्हणाला. "तुम्ही कोपरं का फाकवता?"

तिला कळलं नाही. मग त्याने स्वतःच्या हातांनी करून दाखवलं. कालव्यावर तिची कोपरं अंगाजवळ होती, तिने चालवावी तशी. खोलीपाशी ती हळूच बाहेर झाली आणि सगळ्या भिंतीवर तशीच राहिली. तिची मानही थोडी एका बाजूला कलली होती, पुढे काहीतरी आडवं येत असल्यासारखी. शाळेपाशी कोपरं परत मिटली. दीर म्हणाला, मी दुकानात रोज बघतो वहिनी. पोराला पुढच्या नळीवर बसवून आलेला माणूस असाच बसतो.

तिने आपल्या हातांकडे पाहिलं. ते हात इतके दिवस कुणाला तरी जागा करून देत होते आणि तिला पत्ताही नव्हता. भिंतीवर उसळणाऱ्या चिमट्यानेही तिला इतकं घाबरवलं नव्हतं.

परत जाताना दीर म्हणाला, भिंतीवरून नको, गावातून जाऊ. ती म्हणाली, मला त्या खोलीत कोण राहतं ते बघायचंय. त्यांनी दोन्ही सायकली हातात धरल्या आणि भिंतीवरून चालत गेले.

खोलीबाहेर एक म्हातारा बसला होता. त्याला सगळे झडपवाले मामा म्हणत. पूर्वी धरणाच्या झडपा हाताने चाक फिरवून उघडाव्या लागत, ते काम त्याचं होतं. आता झडपा बटणावर चालत होत्या आणि त्याला नोकरी संपल्यावरही त्या खोलीत राहू दिलं होतं. गुडघे गेलेले, खांदे अजून रुंद. तो रोज डॉक्टरला जाताना बघत असणार, कारण तिने काही विचारायच्या आत त्याने विचारलं,

"तुमच्या सायकलवर बसते ना?"

दीर काहीतरी पुटपुटला. डॉक्टर म्हणाली, हो, बसते. कोण आहे?

म्हाताऱ्याने ते अगदी साध्या आवाजात सांगितलं. मुलगी होती, एकुलती. आई लवकर गेलेली. रोज सकाळी तिला सायकलच्या नळीवर बसवून तो भिंतीवरून शाळेत सोडायचा. तेव्हा भिंतीवर डांबर नव्हतं. दगडी लाद्या होत्या आणि दोन लाद्यांच्या मध्ये फट. कठडा घोट्याएवढा. त्या फटी त्याला पाठ होत्या, तो त्या चुकवत जायचा. एकदा पावसाळ्यानंतर एक लादी खचली होती, ती त्याला दिसली नाही. चाक फटीत गेलं, सायकलला हिसका बसला. तो पडलासुद्धा नाही. फक्त पुढची नळी रिकामी झाली.

 खाली पाण्याचा आवाज होता.

पुढे कितीतरी वर्षं तो सायकल मारत होता, म्हाताऱ्याने सांगितलं, आणि ती बसायची. गुडघे गेल्यावर ते थांबलं. मग ती भिंतीवरून जाणाऱ्या कुणाकुणाच्या सायकलवर बसायची. लोकांना कळत नसे. कुणी म्हणे वारा आडवा आहे, कुणी म्हणे सायकल जड चालते. या डॉक्टरच्या मागे मात्र ती लागलीच होती. का, ते त्यालाही सांगता आलं नाही. तुम्ही सावकाश चालवता म्हणून असेल, तो म्हणाला.

मग तो काठीवर जोर देऊन उठला आणि सायकलजवळ आला. हे नवीन काय आहे, म्हणाला. दिराने चिमटा दाखवला. हा कशाला असतो ते सांगताना, सायकलीवर तासभर बोलू शकणाऱ्या त्या माणसाला एक वाक्य धड पुरं करता येईना. हिसका बसला तर तो यात मुरतो, एवढं कसंबसं त्याने सांगितलं. म्हाताऱ्याने हँडलवर तळवा ठेवला आणि दाबला. चिमटा खाली गेला, वर आला. त्याने पुन्हा दाबला. पुन्हा. दीर तोंड फिरवून पाण्याकडे बघत उभा राहिला.

"ती शाळेत उतरते," म्हातारा शेवटी म्हणाला. "संध्याकाळी आणायला कुणी जात नाही. सकाळी परत इथेच उभी. मला एकदा तिला घरी आणायचंय."

दिराच्या दुकानात दोन माणसांनी मिळून चालवायची एक लांब सायकल होती. सुटीच्या दिवशी नवीन लग्न झालेली जोडपी ती भाड्याने न्यायची. वहिनीने ती मागितली तेव्हा त्याने एकदाच विचारलं, आणि काही वेडंवाकडं झालं तर? ती त्या लांब सायकलच्या टायरमधली हवा दाबून बघू लागली. तो रात्रभर दुकानात बसला आणि सस्पेन्शनचा चिमटा तिच्या सायकलचा काढून त्या लांब सायकलला बसवला. दोन माणसांचं वजन त्याला झेपणार नाही हे त्याला माहीत होतं. तरी बसवला. रेसिंगच्या सायकलीला याचा उपयोग काय, हा वाद पुन्हा त्याने आयुष्यात कुणाशी घातला नाही. कुणी विचारलं तर म्हणायचा, बसवून घ्या, कोण कधी पुढे बसेल सांगता येत नाही. गिऱ्हाइकांना तो विनोद वाटे.

सकाळी तिने सायकल खोलीसमोर धरली. दिराने मामांना मागच्या सीटवर चढवलं आणि त्यांचे पाय पायडलवर नीट ठेवून दिले. मुलं भिंतीवरून शाळेकडे निघाली होती. आभाळ भरून आलेलं, पाण्याचा रंग शिशासारखा. डॉक्टर निघाली. खोली मागे पडली आणि पुढचं टोक दबलं. या वेळी तिने आपल्या कोपरांकडे लक्ष दिलं. ती बाहेर होत होती. तिने ती होऊ दिली.

 मागे म्हाताऱ्याचा श्वास तेवढा ऐकू येत होता. भिंतीच्या एका ठिकाणी, कुठलीही खूण नसलेल्या जागी, त्याचा श्वास थांबला, आणि तिने सायकल आणखी सावकाश केली. ते पार झालं.

शाळा आली. फाटकासमोर तिने वेग कमी केला. चिमटा वर यायला लागला, तेवढ्यात मागून म्हातारा बोलला.

"उतरू नकोस. आज मी मागे आहे. घरी जायचंय."

चिमटा अर्ध्यावर थांबला. तिला वाटलं, आता पूर्ण वर येईल. मग तो सावकाश खाली बसला, आधीपेक्षा खोल. तिच्या हनुवटीला काहीतरी लागलं, केसांसारखं, आणि तिने मान कलती केली. तिने रस्त्यात मोठा वळसा घेतला आणि सायकल पुन्हा भिंतीकडे नेली. हँडलने विरोध केला नाही. दीर आधीच आपल्या सायकलवरून पुढे येऊन फाटकापाशी थांबला होता. त्याने नंतर सांगितलं की समोरून बघताना त्याला दोनच माणसं दिसली, आणि तरी त्याने जागा सोडून रस्ता दिला.

खोलीसमोर ती थांबली. मागून सायकल दामटत आलेल्या दिराने मामांना उतरवलं. मामांनी आधी जाऊन दार उघडलं आणि बाजूला उभे राहिले. तेव्हा कुठे चिमटा उसासा टाकून वर आला. मामा आत गेले आणि दार लावून घेतलं. आभार मानायला ते विसरले, आणि त्याचं कुणाला काही वाटलं नाही.

त्यानंतर भिंतीवर काही झालं नाही. डॉक्टरची बोटं बरी झाली. रोगी आ वासून पडलेले असताना तिला आता प्रत्येक हत्याराचा थंडपणा कळत होता. कधीकधी मात्र भिंतीवर तिची कोपरं सवयीने फाकायची, आणि मध्ये नुसता वारा असायचा.

पंधरवड्याने ती मामांकडे थांबली. ते खोलीबाहेर जमिनीवरच बसले होते, पाठ बंद दाराला लावून, पाय ताठ रोवून. दाढी वाढलेली, डोळे खोल गेलेले. भिंतीवरून मुलं शाळेला चालली होती. तिने विचारलं, तब्येत बरी आहे ना, आणि असे दाराला टेकून का बसलात?

"घरात असते आता," ते म्हणाले. "दिवसभर काही त्रास नाही. शाळेची वेळ झाली की दारापाशी येते."

त्यांच्या पाठीमागे दार किंचित पुढे आलं आणि पुन्हा चौकटीत बसलं. वारा नव्हता. मामांनी टाचा आणखी घट्ट रोवल्या.

"मग तुम्ही काय करता?"

"सांगतो, आज सुट्टी आहे."

डॉक्टर उभीच राहिली. मुलांचा शेवटचा घोळका भिंतीवरून पलीकडे गेला. शाळेची घंटा झाली, तेव्हा दार हलायचं थांबलं. मामांनी डोळे मिटून डोकं मागे फळीला टेकवलं आणि म्हणाले, तुम्ही निघा बाई, तुमचे रोगी वाट बघत असतील.